कोरड्या माळावरील जलचर

ज्या माळावर पाण्याचें दुर्भिक्ष, तेथें टेकडी फोडली असतां पाणथळींत राहणाऱ्या प्राण्याची कवटी निघते, असें कोणी सांगितलें तर ऐकणारास तें खरें वाटणार नाहीं. परंतु अमेरिकेंतील साउथ डकोटा संस्थानच्या 'बॅडलँड्स' प्रदेशांत हेंच घडलें आहे. पावसाच्या माऱ्यानें झिजलेल्या तेथील ओसाड टेकड्यांना लाकोटा लोकही आपल्या भाषेंत 'वाईट भूमि' असेंच म्हणतात.

हा प्राणी म्हणजे अ‍ॅलिगेटर, मगरीचा भाऊबंद. मगरीनें जबडा मिटला तरी खालचा चौथा दांत बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटरचा तो दांत वरच्या जबड्याच्या खांचेंत दडतो. बॅडलँड्समधील या लुप्त जातीचें वर्णन लूमिस यांनीं १९०४ सालीं केलें, तेव्हां ती मगरींत गणली गेली. पुढें ती 'अ‍ॅलिगेटर प्रीनेसॅलिस' ठरली.

सुमारें ३ कोटी ७० लक्ष ते ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीं हा प्राणी तेथें नांदत होता. संथ नद्यांचा पूर ओसरला कीं सखल भागांत पाणी सांचून राही. गेंड्यासारखीं दिसणारीं प्रचंड टिटॅनोथेर जनावरें त्याच प्रदेशांत चरत. हें सारें कशावरून? प्राचीन मातीच्या थरांत वृक्षांच्या मुळांच्या खुणा आहेत. आणि अ‍ॅलिगेटरची साक्ष तर त्याहूनही बोलकी. त्याला अंगची ऊब नसते. दीर्घ, कडक हिवाळ्यांत तो तग धरीत नाहीं. त्याचें हाड सांपडलें, कीं तेथें पाणी होतें आणि थंडी सौम्य होती, असें समजावें.

पुढें पृथ्वी थंडावली. दक्षिण ध्रुवप्रदेशावर बर्फाचे थर चढले. डकोटांत पाऊस उणावला, रान विरळ झालें. टिटॅनोथेर नामशेष झालीं. वरच्या थरांत जमिनीवरील कासवें मुबलक सांपडतात. अ‍ॅलिगेटर मात्र दिसेनासा होतो.

अ‍ॅलिगेटरच्या आज दोनच जाती उरल्या आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागांत सुखानें नांदते. दुसरी चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यांत राहते. पण तेथील दलदली आटवून भातखाचरें झालीं आणि ती जात नष्ट होण्याच्या बेतास आली. आतां पैदास केंद्रांत वाढविलेले अ‍ॅलिगेटर पुन्हां पाणथळींत सोडले जात आहेत. डकोटांतील पाणी हवामान पालटल्यानें गेलें. यांगत्सेकांठचें माणसानें नांगर धरून घालविलें, आणि म्हणूनच तें राखणेंही माणसाच्याच हातीं आहे.