प्रवासाला निघताना उंचीचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुढल्या वैशाखात आपले मंडळ केदारनाथ-बदरीनाथच्या यात्रेस निघावयाचे म्हणते आहे. नावनोंदणी सुरू झाली आहे. त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी मला आज्ञा झाली. मी काही भूगोलाची पंडिता नव्हे. एकदा चुकले आणि त्या चुकीतून जे शिकले, तेवढेच सांगते.

आपला मुलूख जंगलाचा आणि नद्यांचा. टिपागड, सुरजागड, भामरागड अशा टेकड्या आपल्याकडे आहेत खऱ्या, पण त्या चढल्यावर कोणाला भर उन्हाळ्यात शाल पांघरावी लागत नाही. आपल्याकडे प्रवासाचा हिशेब नदी ठरवते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. वर बस्तरात पाऊस झाला की इकडे पूर चढतो आणि वाट तुटते. म्हणून तिकडची गृहिणी मृगापूर्वीच धान्य, मीठ, तेल भरून ठेवते. नदीचा हा हिशेब आपल्याला लहानपणीच कळतो. उंचीचा मात्र कोणी शिकवत नाही.

उंचावर सूर्य जवळ, तर तिथे ऊन जास्त हवे, असे पुष्कळजणींना वाटते. पण सूर्य तापवतो ती जमीन, आणि जमीन तापवते ती हवा. वर चढणारी हवा विरळ होत, पसरत जाते आणि थंड होते. साधारण दर 1,000 मीटरला साडेसहा अंश उतरतात, असा ठोकताळा आहे. आपले चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटरवर. मेळघाटातले चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. म्हणजे आपल्याकडे 45 अंश असतील तेव्हा तिथे एकोणचाळीसच्या आसपास. एवढ्याच फरकाने तिथे कॉफीची झाडे वाढतात! इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसे, तेही याच हिशेबाने. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

आता केदारनाथ पाहा. उंची 3,583 मीटर. आपल्यापेक्षा हवा वीस-बावीस अंशांनी थंड, आणि रात्री पाणी गोठण्याच्या बेताची. तिथे पाणी 88 अंशांच्या सुमारास उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पण थंडीवर लोकरीचे कपडे आहेत, डाळीवर कुकर आहे. खरी अडचण श्वासाची. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांशच राहतो. एका श्वासात जेवढा प्राणवायू आपण इथे घेतो, तेवढा तिथे मिळत नाही.

हे मला 2018 च्या मे महिन्यात कळले. आम्ही घरची सातजणे निघालो. हरिद्वार 314 मीटरवर. तिथून एका दिवसात गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी गौरीकुंड, आणि त्याच संध्याकाळी खेचरावरून केदारनाथ. दोन दिवसांत आम्ही सव्वातीन हजार मीटर चढलो. एक दिवस वाचला म्हणून मीच खूश होते. तो बेत माझाच होता.

रात्री माझ्या थोरल्या नणंदबाईंचे डोके ठणकू लागले. अन्न नको झाले, उलटी झाली. पित्त असेल म्हणून मी लिंबू-साखर दिली आणि म्हटले, “ताई, निजा जरा, सकाळी बरं वाटेल.” सकाळी त्या उठल्या तो झोक जाऊ लागला, आणि बोलणेही असंबद्ध. तेथील डॉक्टरांनी पाहताच सांगितले, “आत्ताच्या आत्ता खाली न्या.” ताई रडू लागल्या. “देवाच्या दारातून तशीच परत जाऊ?” मी काही उत्तर देऊ शकले नाही. डोलीत घालून त्यांना उतरवले. जसजसे खाली आलो तसतशा त्या सावरत गेल्या. गौरीकुंडात त्यांनी आपणहून चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आणखी एक रात्र वर काढली असती तर काय झाले असते, हे आजही मनात आणवत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या यात्रापत्रकात गावे आहेत, किलोमीटर आहेत, भाडे आहे. उंचीचा रकाना नाही. तो घालावा. अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. केदारनाथच्या वाटेवर हे तंतोतंत जमत नाही. निदान गुप्तकाशी आणि गौरीकुंड येथे एकेक रात्र जास्त काढावी. हेलिकॉप्टरने पाय वाचतात, पण शरीराला सवय होण्यास वेळच मिळत नाही. हृदयाचा, दम्याचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि डोके दुखून मळमळू लागले तर लपवू नये, आणखी वर चढू नये. झोक जाऊ लागला किंवा बसल्याजागी दम लागला, तर दर्शनाची वाट न पाहता तत्काळ खाली उतरावे. याला खरा उपाय तोच.

ताईंच्या मनाला मात्र रुखरुख राहिली होती. दोन दिवसांनी आम्ही त्यांना उखीमठाला नेले. भाऊबिजेला केदारनाथचे दार बंद होते आणि देवाची पालखी याच उखीमठात उतरते. हिवाळ्यातली पूजा इथेच होते, आणि पुढल्या वर्षी दार कधी उघडायचे ती तिथी महाशिवरात्रीला इथेच ठरते. पुजाऱ्यांनी हे सांगितले तेव्हा ताई किंचित हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे थंडीत देवही खाली उतरतो तर! मग मी उतरले यात काय चुकलं?” केदारनाथसाठी घरून नेलेला बेल त्यांनी तिथेच वाहिला.

भगिनींनो, खर्चात दोन रात्रींची भर पडेल, ती आनंदाने सोसू या. जितक्याजणी निघू, तितक्याजणी परत येऊ, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेते.