तास किती भरले?



संगणकाच्या पडद्यावर कालावधी कसा लिहावा, हा विषय युनियनवाल्यांनी का घ्यावा, असे आपल्याला वाटले असेल. कामगार विकतो तो आपला वेळ. आणि विकल्या मालाचे माप ज्याला वाचता येत नाही, तो नागवला जातो. या तासांसाठी आम्ही पुष्कळ झगडलो आहोत. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आता ते तास संगणक मोजतो.

एक हिशेब पाहा. हजेरीपत्रकावर ‘८.३०’ असे छापले आहे. कामगार वाचतो, साडेआठ तास. पगाराचा प्रोग्राम तोच आकडा दशांश समजून घेतो, तेव्हा होतात आठ तास अठरा मिनिटे. रोजची बारा मिनिटे बुडाली. २६ दिवसांत ५ तास १२ मिनिटे. यात कोणाची लबाडी नसेलही, पण मजुरी मात्र बुडालीच!

तेव्हा पहिला नियम असा, की यंत्राने पोटात निव्वळ मिनिटे मोजावीत आणि माणसाला दाखवताना त्याच्या भाषेत दाखवावीत. हे दुसरे काम वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचन यांवर भागते. रशियनमध्ये १ ला ‘चास’, २ ला ‘चासा’, ५ ला ‘चासोव’, आणि २१ ला पुन्हा ‘चास’! अरबीत दोन तासांना स्वतंत्र द्विवचन आहे. जर्मन माणूस साडेआठ लिहिताना दशांशासाठी स्वल्पविराम देतो. आणि आपली मराठी? एक तास, दोन तास, येथे रूप बदलत नाही. पण ‘तासात’ आणि ‘तासांत’ यांत अनुस्वाराचा फरक पडतो. आकड्याला नुसता शब्द चिकटवणारा प्रोग्राम ‘२ तास मध्ये’ असे लिहितो, आणि वाचणारा हसतो. शिवाय पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले रोजचे शब्द. ते यंत्राला कोणी शिकवल्यावाचून येत नाहीत.

युनिकोड या संस्थेने सीएलडीआर नावाचे एक सामाईक भांडार ठेवले आहे. कोणत्या भाषेत तास, मिनिट, दिवस कसे लिहावेत, हे त्यात नोंदलेले असते, आणि जगातले पुष्कळ प्रोग्राम ते वापरतात. त्यात सूचना करण्यास सामान्य माणसालाही वाव आहे. मराठीच्या नावाने मिरवणाऱ्या मंडळींनी तिकडेही थोडे लक्ष द्यावे.

आणि कामगार बंधूंनी पुढच्या करारात एवढे एक कलम घालून घ्यावे: पगारपत्रकावर नुसता ‘८.३०’ चालणार नाही. ‘८ तास ३० मिनिटे’ असे स्वच्छ मराठीत लिहिले पाहिजे. या मागणीला मालकाचा एक पैसाही खर्च होत नाही. तरीही ती नाकारली गेली, तर तासांचा हिशेब आपण जरा अधिक बारकाईने तपासावा, इतकेच आमचे सांगणे आहे.