माहिती चोरीला गेली, दाद कोठे मागावी?



घोडेगावहून शनिशिंगणापूरला रस्ता फुटतो. त्या गावी घरांना दारे नसतात, हे सर्वश्रुत आहे. २०११ साली तेथे युको बँकेने शाखा काढली, तीही कुलपाविना. परंतु आजच्या चोराला उंबरठा ओलांडावाच लागत नाही. घोडेगावच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक, आधार आणि बँक खाते किती ठिकाणच्या संगणकांत नोंदले गेले आहे, याचा हिशेब त्याच्यापाशी नसतो. त्यातील एक संगणक फुटला, की तो शेतकरी चोराच्या हाती उघडा पडतो.

हे दूरचे संकट नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबविले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले, काही तर कोल्हापुरातून. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले. तथापि आरोपी तुरुंगात गेला म्हणजे नागवला गेलेल्याची भरपाई झाली, असे नव्हे. पोलिसांकडील फिर्याद आणि भरपाईचा दावा या दोन निराळ्या वाटा आहेत. दुसरी वाट पुष्कळांना ठाऊकच नसते.

ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये आहे. त्यातील कलम ४३-अ असे सांगते की, संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हयगय केली आणि त्यामुळे कोणाची हानी झाली, तर कंपनीने भरपाई द्यावी. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. हे केवळ कागदावरचे नाही. पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या उद्योगाच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. मालक फसव्या ई-मेलला बळी पडले होते, ही त्यांची चूक होतीच. तरीही चोरांची खाती उघडताना पुरेशी पडताळणी झाली नाही म्हणून २०१३ साली सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्यास सांगितले. ग्राहकाचीही चूक होती म्हणून बँक संपूर्ण सुटत नाही, हे या निकालाचे मर्म.

बँकेतील पैशाबाबत वेळ निर्णायक ठरते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दंडक घातला, की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहारात ग्राहकाने संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविले, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित बोजा येतो. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकली. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही हा नियम लागू झाला. आसामातील एका ग्राहकाने विकत घेतलेला कपडा परत करू पाहिला. दुकानाच्या संकेतस्थळावरून फुटलेल्या माहितीचा आधार घेऊन ठगाने त्याला दूरध्वनी केला आणि ९४ हजारांवर रक्कम गेली. ग्राहकाने २४ तासांत तक्रार नोंदविली होती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचे दायित्व कायम ठेवले.

आता नव्या कायद्याविषयी, कारण तेथे मोठी गोम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात निष्काळजी संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटल्यास संबंधितांना कळविणेही बंधनकारक केले आहे. मात्र दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातील छदामही नाही. इतकेच नव्हे, याच कायद्याने कलम ४३-अ रद्द ठरविले आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ही तरतूद अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात यावयाची आहे. घर लुटले जावे आणि दंड सरकारने घ्यावा, असा हा न्याय झाला.

त्यानंतरही ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे घोडेगावच्या माणसाला नगरच्या पुढे जावे लागत नाही. सेवेचा मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. आणि पैसे गेल्याचे ध्यानी येताच पहिला दूरध्वनी १९३० या क्रमांकावर करावयाचा, मग बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावयाची. त्या पोचेवरील तारखेवरच पुढचा सारा दावा उभा राहतो.