वाचलेले आणि आठवलेले



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. आमची शाळा १९८२च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली तेव्हा सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री कायद्याची पुस्तके घेऊन. विद्या कशी टिकते आणि कशी निसटते, एवढ्यापुरता आमचा अधिकार. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींच्या तो कामी यावा, म्हणून आज उभे आहोत.

आमची एक भाची नर्सिंग शिकत होती. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी ठोके पूर्ण एक मिनिट मोजावे. प्रौढ रुग्णाचे ठोके ६०च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावे, हा नियम तिने तांबड्या शाईने अधोरेखित केला होता. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले. महिन्याभराने वॉर्डात ती गोळी घेऊन खाटेपाशी गेली आणि ठोके मोजायचेच विसरली. सिस्टरांनी वेळीच हात धरला म्हणून निभावले. रडत म्हणाली, "मामा, मी दहा वेळा वाचलं होतं." आम्ही विचारले, "पण वही मिटून किती वेळा आठवलंस?"

सारी गोम येथेच आहे. समोरचे पान ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवून दिले की, विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने होते. २००६ साली रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून काही उतारे पुन्हा वाचून घेतले, तर काही न पाहता आठवून लिहून घेतले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेले सरस ठरले. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेलेच अधिक टिकले.

म्हणून रीत सोपी आहे. धडा वाचावा, वही मिटावी, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग चुका ताडून पाहाव्या. हेच दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा करावे. हिशेबही असाच हातात बसतो. ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आणि नळीतून मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब. उत्तर पाठ करू नये. दर वेळी आकडे बदलून नव्याने गणित करावे.

नियमामागचे कारणही विचारावे. डिगॉक्सिन ठोके मंदावते. आधीच मंद असलेल्या हृदयाला ते घातक ठरू शकते. कारण उमगले की नियम पटकन निसटत नाही. पुस्तके बहुधा इंग्रजीत आणि मुली मराठी शाळांतल्या. अशा मुलीने तोच धडा घरी आईला मराठीत समजावून सांगावा. आई निरक्षर असली तरी "का गं?" एवढे विचारू शकते. जेथे मुलगी अडखळेल, तेथे अभ्यास कच्चा.

मात्र औषध केवळ आठवणीवर देऊ नये. हात थांबवायला आठवण हवी. खात्री करायला रुग्णाचा कागदच पुन्हा पाहावा.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. शिकलेले मनात पक्के व्हायला झोप लागते. रात्रभर वॉर्डात राबवून सकाळी वर्गात बसवलेली मुलगी विसरली, तर तिला मंदबुद्धी म्हणू नका. तिची हजेरीवही मागा. विद्यार्थिनी म्हणून भरती करायची आणि रिकाम्या जागा तिच्याकडून भरून काढायच्या, हा व्यवहार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्याची किंमत शेवटी खाटेवरचा माणूस मोजतो. आणि त्या खाटेवर, मंडळी, एक दिवस आपणच असणार आहोत.