सुटका आणि मुक्ती
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या इंग्रजी चित्रपटाविषयी दोन शब्द बोलणार आहोत. स्टीफन किंग यांच्या दीर्घकथेवरून फ्रँक डॅराबाँट यांनी काढलेला हा चित्रपट १९९४ साली आला. तिकीटबारीवर तो चालला नाही. ऑस्करची ७ नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. पुढे व्हिडिओ आणि टीव्हीमुळे तो घरोघर पोहोचला.

कथा अमेरिकेतील मेन राज्यातल्या तुरुंगाची आहे. बँक अधिकारी अँडी न केलेल्या खुनाबद्दल १९४७ मध्ये तेथे येतो. कैद्यांच्या वाचनालयासाठी तो सरकारला दर आठवड्याला एक पत्र लिहितो. ६ वर्षांनी २०० डॉलर आणि जुनी पुस्तके येतात. मग हा गृहस्थ आठवड्याला दोन पत्रे लिहू लागतो! आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पाठपुरावा म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक आहे.

अँडी भुयार खणून पळाला, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण अँडी निर्दोष होता. आम्हांला मोठा वाटतो तो त्याचा मित्र रेड, कारण रेडने खरोखरच खून केला होता. २० वर्षांनी आणि पुन्हा ३० वर्षांनी, मुदतपूर्व सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे तो ‘मी सुधारलो’ असे घोकल्यासारखे सांगतो. अर्ज नामंजूर होतो. ४० वर्षांनी तो हे पाठांतर सोडतो आणि केल्या कृत्याची खंत रोज वाटते, असे सरळ सांगतो. तेव्हा दार उघडते.

परंतु दार उघडले म्हणजे केवळ सुटका झाली. तुरुंगाचे वाचनालय सांभाळणारा वृद्ध ब्रुक्स ५० वर्षांनी असाच सुटला होता. आत त्याला मान होता. बाहेर त्याला ओळखणारे कोणी नव्हते. भाड्याच्या खोलीत त्याने गळफास घेतला. रेडलाही तीच खोली आणि किराणा दुकानातले तेच काम मिळते. तोही खचतो. मग तो वाचला कसा? अँडीने एका शेताच्या दगडी बांधात त्याच्यासाठी पत्र आणि पैसे ठेवले होते. कोणीतरी त्याची वाट पाहत होते.

मित्रहो, आपल्या गुन्ह्याची कबुली ज्याची त्यानेच द्यायची असते. पण शिक्षा भोगून परतलेल्याला खोली आणि काम दिले की आपले कर्तव्य संपत नाही. त्याला नावाने हाक मारणारा एक तरी माणूस लागतो. तो माणूस आपल्यापैकी कोणी व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.