वर्ण आणि वर्ग



स्नेहसंमेलनात परीची भूमिका गोऱ्या मुलीला आणि राक्षसाची काळ्या मुलाला दिली जाते, तेव्हा एकही शब्द न उच्चारता एक धडा शिकविला जातो. तो बालमन सहसा विसरत नाही.

त्वचेतील रंगपेशींची संख्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या मेलॅनिन किती व कोणत्या प्रकारचे निर्माण करतात, एवढाच काय तो भेद. हेच मेलॅनिन प्रखर उन्हापासून त्वचेचे रक्षण करते.

पहिलीच्या मुलांना हात शेजारी-शेजारी ठेवून गव्हाळ, सावळा, काळा, निमगोरा या छटा पाहू द्याव्यात. तांबडा, पिवळा, काळा व पांढरा रंग मिसळून प्रत्येकाने आपल्या हाताची छटा सिद्ध करावी. ‘काळ्या’ ही हाक मात्र तेथल्या तेथे थांबवावी. आणि पुढील संमेलनात परीची निवड वर्ण न पाहता व्हावी.