जुन्या बॅटरीचे पुढे काय?

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात कुंडम येथे दिलेले व्याख्यान)



आपला हा मेळावा शाळेच्या सभागृहाऐवजी कुंडमला भरवावा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचे मी प्रथम अभिनंदन करतो. ज्या हिरन नदीचा उगम येथील लोक कुंडेश्वरापाशी मानतात, ती पुढे सिहोऱ्याच्या आणि पाटणच्या बाजूने वाहत जाऊन नर्मदेस मिळते. माझ्या आजच्या विषयाचा या पाण्याशी संबंध आहे. तो ओघाने येईलच.

वाहनांच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले. त्यामुळे लग्नकार्यात असो वा तेराव्याला, मला गाठून लोक मोटारीविषयीच विचारतात. पूर्वी सरासरी किती पडते असे विचारीत. आता आपल्या मंडळींच्या दारात हायब्रिड मोटारी आल्या आहेत आणि प्रश्न बदलला आहे. "काका, हिची बॅटरी गेली म्हणजे गाडी भंगारातच ना?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो कोणी विचारीत नाही. गेलेली बॅटरी जाते कोठे?

आपल्या पिढीच्या कानावर 'हायब्रिड' हा शब्द प्रथम ज्वारीबरोबर आला. दोन वाणांचा संकर, तसाच येथे पेट्रोलच्या इंजिनाचा व विजेच्या मोटरीचा. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, ती येथे विजेच्या रूपाने साठविली जाते आणि वेग घेताना वापरली जाते. ही साठवण करणारी पेटी बहुधा आसनाखाली असते. जपानात डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस बाजारात आली, तीत निकेल-मेटल हायड्राइड जातीचे विद्युतघट होते. आज आपल्याकडे धावणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसमध्येही त्याच जातीचे १६८ घट आहेत. एका घटाचा दाब जेमतेम सव्वा व्होल्ट. पण एकापुढे एक जोडल्यावर तो दोनशे व्होल्टच्या घरात जातो. अर्बन क्रूझर हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड प्रकारांत मात्र लिथियम-आयनची पेटी आहे, सुमारे पाऊण युनिट वीज साठविणारी. हे किती थोडे, ते सांगतो. आपल्या चौकातल्या ई-रिक्षाच्या आसनाखालच्या चार शिशाच्या बॅटऱ्यांत याच्या पाच-सहापट वीज मावते. पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट तर निराळीच.

एक योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो. प्रियस ज्या १९९७ साली आली, त्याच साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी भारतात स्थापन झाली. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्याच घराण्यातील विक्रम किर्लोस्कर या कंपनीचे उपाध्यक्ष होते. २०१३ पासून बंगळुरूजवळच्या बिडदी येथे कॅमरी हायब्रिडची जुळणी होऊ लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये हायक्रॉसचे अनावरण झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी विक्रम किर्लोस्कर गेले. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे विजेच्या व हायब्रिड मोटारींचा कारखाना काढण्याचा करार याच कंपनीने महाराष्ट्र शासनाशी केला. म्हणजे या मोटारी वाढणार, हे उघड आहे.

आता बॅटरीच्या वार्धक्याविषयी. हातातला मोबाईल आपण पार रिकामा करतो आणि काठोकाठ भरतो. हायब्रिड मोटारीचा संगणक आपल्या बॅटरीला तसे कधी करू देत नाही. तिला तो मधल्या पट्ट्यात खेळवीत ठेवतो, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. टोयोटा आपल्याकडे तिची ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते, जे आधी होईल ते. तिचा खरा शत्रू उष्णता. पेटीला गार ठेवण्यासाठी पंखा असतो आणि तो प्रवासी बसतात तेथलीच हवा ओढतो. हवा ओढण्याची जाळी आसनाजवळ असते. तिच्यावर आपण पिशव्या, शाली, मुलांची दप्तरे खुशाल टाकून देतो. त्यात जबलपूर ते कुंडम रस्त्याकडेची मुरमाची धूळ. जाळी तुंबली की घट तापतात, तापले की म्हातारे होतात. दर सर्व्हिसिंगला ही जाळी उघडून साफ करवून घ्या. हे शंभर रुपयांचे काम मोठा खर्च पुढे ढकलते, आणि ते नेमके राहून जाते.

दिव्याने इशारा दिला, तरी लगेच पेटी बदलण्यास निघू नये. सगळे घट एकदम मरत नाहीत. एखादी जोडी दुबळी होते आणि साखळी तिच्या बळावर चालत असल्याने सगळीच लंगडते. कधी तर घट ठणठणीत असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. म्हणून गाडीवर भार देऊन प्रत्येक जोडीचा दाब मोजून घ्यावा आणि त्या आकड्यांचा कागद मागावा. आकडे न दाखविता जो 'बदलावीच लागेल' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

बदलायचीच झाली, तर तीन वाटा असतात. नवी पेटी महाग, पण हमीची. अपघातात मोडलेल्या गाडीतली पेटी स्वस्त पडते, पण तिचे वय नीट कळत नाही. तिसरी वाट म्हणजे फक्त दुबळे घट काढून दुसरे बसविणे. ही तिसरी वाट आपल्या जुगाडप्रिय स्वभावाला फार आवडते. परंतु नवा बैल आणि थकलेला बैल एका जुवाला जुंपल्यावर काय होते, ते येथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. सहा महिन्यांत शेजारचा घट बसतो, मग त्याच्या शेजारचा. सर्व घटांचे मोजमाप करून, सारख्या ताकदीचे निवडून जुळवणी करणारा कारागीर मिळाला तर गोष्ट वेगळी. असे कारागीर थोडे आहेत. आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीला नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू देऊ नका. सर्व्हिस प्लग काढला तरी संधारित्रांतला भार उतरण्यास सुमारे दहा मिनिटे जावी लागतात, आणि खुद्द पेटी त्यानंतरही जिवंतच असते. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह माणूस मारण्यास पुरेसा आहे.

आता न विचारलेला प्रश्न. मोटारींचा एक प्रवास असतो, तो आपण फारसा लक्षात घेत नाही. नवी मोटार मुंबई-पुण्यात किंवा नागपुरात विकत घेतली जाते, पाच-सात वर्षांनी ती जबलपूरला येते आणि तिचे म्हातारपण कुंडम, शहापुरा, दिंडोरीसारख्या गावी जाते. २०२२-२३ साली घेतलेल्या गाड्यांची हमी २०३०-३१च्या सुमारास सरेल, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ तिसऱ्या मालकाच्या हाती असतील. पहिल्या मालकाने गाडीचे सुख घेतले. पेटीची विल्हेवाट अशा माणसाच्या गळ्यात पडेल, ज्याच्या गावात अधिकृत सेवा केंद्र नाही. त्याच्या दारात येणार तो कबाडी.

कबाड्याला मी दोष देत नाही. शिशाच्या बॅटरीला भाव मिळतो, म्हणून आपल्या देशात ती सहसा उकिरड्यावर पडत नाही. पण ती फोडली जाते कशी? आम्ल नाल्यात ओतायचे आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवायचे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० सालच्या अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ठरावीक पातळीहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे, आणि त्याच्या मोठ्या कारणांत अशा भट्ट्या मोडतात. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते. हायब्रिडच्या पेटीत शिसे नसते (तिच्या जोडीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी मात्र बहुधा शिशाचीच असते), पण निकेलच्या घटांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते कातडी जाळते. लिथियमचा घट पहारीने फोडला तर पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. निकेल, कोबाल्ट जमिनीत मुरले, तर हिरनच्या उगमापाशी मुरलेले पाटणच्या विहिरीपर्यंत जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

कायदा काय म्हणतो? २००१चे जुने नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले आणि सर्व जातींच्या बॅटऱ्या त्यांत आल्या. जो बॅटरी बनवितो किंवा आयात करतो, त्यानेच ती परत गोळा करून पुनर्चक्रणास पाठवावी. पुरणे वा जाळणे चालणार नाही. २०२६-२७ पासून हायब्रिडच्या पेटीसारख्या बॅटरीतील ९० टक्के पदार्थ परत मिळविण्याचे लक्ष्य आहे. ग्राहकाचेही कर्तव्य लिहिले आहे: बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या वा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे द्यावी. नियम चांगले आहेत. अंतराचे उत्तर मात्र त्यांत नाही. पंचवीस घरांच्या पाड्यातून चाळीस किलोची पेटी जबलपूरपर्यंत कोणी आणायची आणि भाडे कोणी द्यायचे, येथे सगळे अडते. पेटी परत आणणाऱ्यास ठेव परत देण्याची किंवा ती विकत घेण्याची योजना उत्पादकाने आखावी, अशी सोय नियमांत आहे. तिचा आग्रह आपण धरायला हवा. कबाड्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळाले, तरच ही पेटी योग्य दारी जाईल.

त्या दारापलीकडे काय होते, तेही थोडक्यात सांगतो. लिथियमचे घट प्रथम पूर्ण उतरवितात, मग प्राणवायूविरहित हवेत त्यांचे तुकडे करतात. उरते ती काळी भुकटी. ती आम्लात विरघळवून कोबाल्ट, निकेल आणि लिथियमचे क्षार वेगळे काढतात. रुरकी, ग्रेटर नोएडा, पालघर या भागांत असे कारखाने उभे राहिले आहेत. निकेलचे घट भट्टीत घातले तर निकेल पोलादाच्या कामी येते, मात्र त्यांतील लॅन्थॅनमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये मळीत जातात. टोयोटाने २०१० मध्ये जपानात जुन्या पेटीतले निकेल पुन्हा नव्या पेटीतच वापरण्याची पद्धत सुरू केली, ती मला अधिक शहाणपणाची वाटते.

आणि वितळविण्याआधी आणखी एक जन्म शक्य आहे. मोटारीला वेग देण्याइतका जोम उरला नाही, तरी दिवा लावण्याइतका उरतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, जेथे विजेच्या तारा पोचत नाहीत अशा एका वनठाण्यावर, कॅमरी हायब्रिडच्या २०८ जुन्या पेट्या सौर पट्ट्यांना जोडल्या आहेत. त्यांत ८५ युनिट वीज साठते. कुंडमच्या पुढच्या जंगलपट्ट्यात सौर पट्ट्यांना तोटा नाही, साठवणीला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियांत्रिकीचे अध्यापक आहेत, वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले कसबी हात आहेत. एखाद्या आश्रमशाळेच्या अभ्यासिकेसाठी असा प्रयोग त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने, घटांचे मोजमाप करून आणि आगीची सर्व काळजी घेऊन करून पाहावा, अशी माझी सूचना आहे. तेथील मुले रात्री वाचतील. पेटीही काही वर्षे कबाड्यापासून दूर राहील.

तोवर ज्यांच्या गाडीची पेटी बदलली जाईल, त्यांनी जुनी पेटी कोणाला दिली याची पावती नव्या पेटीच्या बिलाबरोबरच मागून घ्यावी. गाडी विकताना हे दोन्ही कागद पुढच्या मालकाच्या हाती द्यावेत. पेटी घरीच ठेवण्याची वेळ आली, तर तोंडे चिकटपट्टीने झाकून कोरड्या, सावलीच्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. गोठ्यात किंवा विहिरीच्या काठी नको.

माझे बोलणे येथे थांबवितो. जेवणापूर्वी अर्धा तास आहे; ज्यांना आपल्या गाडीतली ती जाळी कोठे आहे हे पाहायचे असेल, त्यांनी किल्ली घेऊन माझ्याबरोबर बाहेर यावे.